तेबानच्या खिशातला दातांचा दोरा

मी दोरा बोलतोय. शिवणाच्या रिळाचा नव्हे, गळाचा नव्हे, पतंगाचा तर मुळीच नव्हे. दोन दातांच्या मधल्या फटीत शिरायचं, तिथला कचरा बाहेर आणायचा आणि केराच्या बादलीत जायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. दुकानात मला फ्लॉस म्हणतात. हल्ली मी एका ट्रम्पेटवाल्याच्या खिशात राहतो.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो बारीक तंतू एकत्र ओढून त्यांनी मला चपटा केला, मेण चोपडलं, पुदिन्याचा अर्क पाजला आणि शंभर मीटर मोजून एका डबीत गुंडाळलं. डबीच्या तोंडाशी पत्र्याचा एक बारका दात बसवला, मला तोडायला. आयुष्यभर दातांची चाकरी करायची आणि शेवटी दातानेच तुटायचं. पण तक्रार नाही.

सौदीतल्या एका दुकानातून मला रोवेनाने विकत घेतलं. ती तिकडे नर्स आहे. दरवर्षी नाताळाच्या सुमाराला ती घरी एक मोठा खोका पाठवते. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं आणि बापासाठी पायमोजे. त्या पायमोज्यांच्या जोडीत मला खोचून तिने खोका बंद केला. दीड महिना मी समुद्रावर होतो.

खोका उघडला तो सान तिमोतेओ गावात, एका स्वयंपाकघराच्या फरशीवर. उघडणारी रोवेनाची आई पासिंग. तिने मला दोन बोटांत धरून उलटंसुलटं केलं, वास घेतला. डबीवरची अक्षरं मुंगीएवढी आणि तिचा चष्मा नेहमीसारखा हरवलेला. औषधी दोरा असेल, असं तिने ठरवलं. तिचा नवरा तेबान म्हणाला की पतंगाचा असेल, पण फार बारीक आहे. रविवारी रोवेनाचा फोन आला तेव्हा तिला विचारायच्या वीस गोष्टी होत्या, त्यात माझं नाव राहून गेलं.

पासिंग रोज सकाळी सापिन-सापिन करून विकायची. तांदळाच्या पिठाची आणि नारळाच्या दुधाची, तीन रंगांच्या थरांची ही वडी इतकी चिकट असते की सुरी घातली की अर्धी वडी सुरीलाच. एका सकाळी वैतागून तिने माझा हातभर तुकडा तोडला, वडीखालून घेतला आणि दोन्ही टोकं ओढली. वडी अशी सरळ कापली गेली की तिने शेजारणीला हाक मारून दाखवली. मीही हुरळलो. आपला जन्म बहुधा याचसाठी झाला, असं मला वाटायला लागलं.

चारच दिवसांत गिऱ्हाइकं विचारू लागली की हल्ली वडीत नवीन काय घालतेस. रिक्षावाल्यांचं म्हणणं पडलं की खाल्ल्यावर घसा मोकळा होतो. पासिंगला कळेना, पण ती धंद्यात मुरलेली बाई. खास कृती आहे, एवढंच सांगून ती हसायची. माझे दहाएक मीटर तरी त्या वड्यांत गेले.

माझी जागा मोरीजवळच्या फळीवर होती. तिथून मला तेबान रोज दिसायचा.

वय एकसष्ट. गावच्या बँडमध्ये चव्वेचाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवणारा. दातांच्या बाबतीत त्याच्याइतका कष्टाळू माणूस मी पाहिला नाही. दिवसातून तीनदा ब्रश, तोही फरशी घासायच्या ब्रशासारखा राठ. दुपारी तालमीला जातानाही शर्टाच्या खिशात ब्रश. माझ्या दातांना नाव ठेवून दाखवा, असं तो मित्रांना सांगायचा. पण चूळ टाकली की पाणी गुलाबी व्हायचं. ट्रम्पेट ओठांवर दाबतो म्हणून येतं थोडं रक्त, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. जेवण झालं की डाव्या हाताने तोंड झाकून, चांगल्या घरच्या माणसासारखा, तो दातकोरणं फिरवायचा. दातकोरण्याने पुढचं निघायचं आणि आतलं आणखी आत जायचं. मी फळीवर बसून बघायचो. बोलणार कसा?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो आरशासमोर उभा राहिला. वरचा, अगदी पुढचा दात त्याने अंगठ्याने ढकलला. दात हलला. तो थोडा थांबला आणि पहिल्यांदा चूक झाली असेल अशा थाटात त्याने पुन्हा ढकलला. मग तोंड पुसून तो बाहेर गेला आणि कुणाला काही बोलला नाही.

ट्रम्पेट ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं. पण ओठांना मागून आधार दातांचा असतो. भिंत पडली की गिलावा कशावर राहणार? तेबानने हे बापाच्या घरात पाहिलं होतं. त्याचा बापही ट्रम्पेटवाला. पंचावन्नाव्या वर्षी त्याचे पुढचे दात काढले, आणि त्यानंतर बँड दारावरून जायला लागला की म्हातारा उठून खिडक्या लावून घ्यायचा. ही गोष्ट तेबानने बायकोला लग्नाच्या वर्षी एकदा सांगितली होती. पुन्हा कधी नाही.

पासिंगला मात्र वेगळंच काहीतरी दिसत होतं. नवरा उकडलेलं मक्याचं कणीस खाईना, डुकराच्या कुरकुरीत तळलेल्या कातडीला हात लावीना. विचारलं तर पोट बरं नाही म्हणायचा. बोलताना तोंड फिरवायचा. अंथरुणात भिंतीकडे वळायचा. तालमीला निघताना बायकोच्या गालाला नाक लावून एक दीर्घ श्वास घ्यायचा, ही त्याची छत्तीस वर्षांची सवय. ती सुटली.  त्या दिवसांत पासिंगच्या वड्या वाकड्या कापल्या जायला लागल्या. माझी दोन्ही टोकं तिच्या हातात असायची, म्हणून मला कळायचं.

गावच्या दवाखान्यात नवीन दाताच्या डॉक्टर आल्या होत्या. लुवी त्यांचं नाव, तिशीच्या. दर गुरुवारी त्या पासिंगकडे दोन वड्या घ्यायला यायच्या. एका गुरुवारी त्यांनी वडी तोंडात घातली आणि चावता चावता थांबल्या.

"नानय, यात पुदिना आहे?" आमच्या गावात आईच्या वयाच्या बाईला नानय म्हणतात आणि बापाच्या वयाच्या माणसाला तातय.

पासिंगने खास कृतीचं पालुपद लावलं. डॉक्टरांनी उरलेली वडी उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं की कापता कशाने. पासिंगने मला फळीवरून काढून पुढे केलं.

डॉक्टर बाकावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी मी कोण ते सांगितलं. माझं खरं नाव आणि खरं काम त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. पासिंगचा चेहरा आधी पडला.

"म्हणजे महिनाभर मी गावाला दातांचा दोरा खाऊ घातला?"

"दोरा नाही, नानय. नुसता वास. गावाच्या तोंडाचं भलंच केलंत तुम्ही."

मग पासिंगलाही हसू आलं. दारात तेबान ट्रम्पेट पुसत बसला होता. हसणं ओसरल्यावर त्याने मान वर न करता विचारलं की बँडमधल्या त्याच्या एका मित्राचा दात हलतो, तर या दोऱ्याने तो बांधून ठेवता येईल का? डॉक्टरांनी एकदा त्याच्या ओठांकडे पाहिलं. मित्राला उद्या आठ वाजता पाठवा, एवढं म्हणून त्या वड्या घेऊन गेल्या.

"कोणता मित्र?" पासिंगने विचारलं.

तेबान फडकं फिरवतच राहिला.

"माझ्या तोंडाला वास येतो," तो म्हणाला. "मलाच कळतो. म्हणून लांब बसतो. आणि दात हलतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काढून टाक म्हणाली असतीस."

पासिंग त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. "मला वाटलं, बेलेन."

"कोण बेलेन?"

"क्लॅरिनेटवाली. ती विधवा."

"तिला माझं नावसुद्धा नीट घेता येत नाही. तेबिन म्हणते."

पासिंगने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, "छत्तीस वर्षं तुझे पायमोजे धुतेय मी. आणि तुला वाटलं, मला तोंडाचा वास सोसणार नाही?"

दुसऱ्या दिवशी तेबानने मला खिशात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचं तोंड तपासलं आणि बारीक सळईने हिरड्या कुठे किती सुटल्यात ते मोजलं. मग सांगितलं की तुमचा ब्रश चांगला आहे, पण तो दाताचं पोट घासतो आणि पाठ घासतो, दोन दातांच्या मधल्या कुशी त्याला लागतच नाहीत. तिथे रोज चिकट थर बसतो आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. हिरडी सुजते, रक्त येतं, वास येतो. मग हिरडी दात सोडते आणि खालचं हाड झिजतं. रक्त ट्रम्पेटमुळे नव्हतं, आणि ते वर्षानुवर्षं हेच सांगत होतं.

मागची एक दाढ वाचण्यासारखी नव्हती. ती काढावी लागली. बाकीच्या दातांवरचं कीटण चार खेपांत खरवडून काढलं. पुढच्या दाताबद्दल डॉक्टर म्हणाल्या, "खरवडायचं काम माझं, रोजचं काम तुमचं. वचन देत नाही, तातय. तीन महिने द्या मला."

मग त्यांनी मला कसं वापरायचं ते शिकवलं. हातभर तोडायचं, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचं. फटीत खसकन ओढायचं नाही, हळूच सरकवायचं. दाताला मिठी मारल्यासारखं वळवायचं, हिरडीच्या कडेखाली जाऊ द्यायचं, वरखाली करायचं, मग शेजारच्या दाताला तसंच. फट बदलली की दोऱ्याचा नवा भाग. दिवसातून एकदा, पण रोज. फट फारच घट्ट असेल किंवा काही अडकलं असेल तर मध्ये एक बारीक गाठ मारायची, तीही त्यांनी मारून दाखवली.

पहिला आठवडा वाईट गेला. तेबानची बोटं जाड, मी निसटायचो, नाहीतर बोटंच निळी पडायची. आणि मी बाहेर यायचो तो लालभडक. चौथ्या दिवशी त्याने मला मोरीत आपटलं आणि तो लाल तुकडा कागदात गुंडाळून, पुरावा म्हणून, थेट दवाखाना गाठला. दोऱ्याने हिरडी कापली, असं त्याचं म्हणणं.

"दोरा आला म्हणून रक्त येत नाही, तातय," डॉक्टर म्हणाल्या. "इतकी वर्षं आला नाही म्हणून येतं. हळू हाताने करा, पण सोडू नका."

घरी येऊन तो म्हणाला की आज राहू दे.  पासिंगने माझा एक तुकडा स्वतःसाठी तोडला, चष्मा शोधून लावला आणि आरशासमोर उभी राहिली. तिच्या हिरड्यांतूनही रक्त आलं. तिने ते त्याला दाखवलं. मग तोही शेजारी येऊन उभा राहिला.

तेव्हापासून जेवणं झाली की दोघं मोरीपाशी. वड्या कापायला पासिंगने मासेमारीचा दोरा आणला, पण गिऱ्हाइकं कुरकुरली, म्हणून ती जांभळ्या थरात खरा पुदिना वाटून घालू लागली. मोरीपाशी मात्र मीच. तोंडात दोन्ही हातांची बोटं असली की माणसाला बोलता येत नाही. त्या पाच मिनिटांत ना त्याला बँडचं गाऱ्हाणं सांगता यायचं, ना तिला शेजारणीचं. दोघं आरशातून एकमेकांच्या वेड्यावाकड्या तोंडांकडे बघायचे.

बाराव्या दिवशी रक्त कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात मी पांढराच्या पांढरा बाहेर आलो. तेबानने मला दिव्यापाशी नेऊन पाहिलं, नाकाशी धरलं, आणि बायकोच्या नाकाशीही धरलं. ती म्हणाली की लाज वाटू दे जरा. दुसऱ्या दुपारी तो तालमीला निघाला, फाटकापर्यंत गेला, परत आला आणि तिच्या गालाला नाक लावून त्याने श्वास घेतला. पासिंग पीठ ढवळत होती. ती म्हणाली, "उशीर होईल तुला." पण हात थांबला होता.

मे महिन्यात गावच्या संताचा उत्सव असतो. मूर्तीची मिरवणूक निघते आणि बँड पुढे चालतो. मिरवणुकीत जी मार्चची धून वाजते, तिच्या मधोमध ट्रम्पेट एकटं वाजतं. तो तुकडा गेली वीस वर्षं तेबानचा. पण त्याने जाऊन माएस्त्रा फेलिसाला, बँडच्या बाईंना, दाताचं खरं सांगून टाकलं. बाई कडक. सांगितलंस हे चांगलं केलंस, म्हणाल्या. पण दोन तास चालत, उंच सुरांत वाजवायचं काम हलत्या दातावर सोपवणार नाही. तो तुकडा त्यांनी नार्सिसोला दिला. बत्तीस वर्षांचा, आठवडाभर रिक्षा चालवणारा, तेबाननेच शिकवलेला. तेबान घरी आला, जेवणाआधीच मला घेऊन मोरीपाशी उभा राहिला आणि त्या दिवशी त्याने प्रत्येक दात दोनदा केला.

उत्सवाच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. हिरड्या आवळल्या होत्या. दात निम्म्याहून कमी हलत होता. वाजवा, पण बेताने, असं त्यांनी सांगितलं.

उत्सवाच्या दुपारी बँडला गावजेवण होतं. अख्खं भाजलेलं डुक्कर, भात, आणि टोपलीभर उकडलेली कणसं. मिरवणूक चारला. साडेतीनला नार्सिसो चर्चमागच्या आंब्याखाली आला तो गाल धरून. पुढच्या दोन दातांमध्ये मांसाचा तंतू अडकला होता. तो काढायला त्याने दातकोरणं खुपसलं आणि त्याचं टोक आतच मोडलं. हिरडी टरारून सुजली होती. ट्रम्पेट ओठांना लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं.

माएस्त्रांनी घड्याळ पाहिलं. मग तेबानकडे.

"तुझा दात कसा आहे? वाजवशील?"

मी त्याच्या गणवेशाच्या खिशात होतो. त्याचा हात खिशावर आला आणि तिथेच राहिला. हो म्हटलं असतं तर कुणी त्याला दोष दिला नसता. वीस वर्षांचा त्याचाच तुकडा होता तो.

"पाच मिनिटं द्या," तो म्हणाला आणि नळावर हात धुवायला गेला.

त्याने माझा हातभर तुकडा तोडला आणि मधोमध बारीक गाठ मारली. नार्सिसो तोंड उघडून खुर्चीवर बसला. भोवती तीस वादक, आणि प्रत्येकाकडे सल्ला. तेबान कुणाचंच ऐकत नव्हता. पहिल्या खेपेला मी मांसाचा तंतू घेऊन आलो. दुसऱ्या खेपेला काहीच नाही. तिसऱ्या खेपेला गाठीने लाकडाचं टोक पकडलं आणि मी ते बाहेर ओढून आणलं. नार्सिसोने खळखळून चूळ भरली, ट्रम्पेट उचललं, कचरत ओठांना लावलं आणि वरचा सूर काढला. आंब्यावरचे पक्षी उडाले.

"कुया," तो म्हणाला, म्हणजे दादा. मग त्याने तेबानचा हात दोन्ही हातांत धरला.

तेवढ्यात बेलेन पुढे आली. तिच्या दाढेत मक्याचं साल होतं. "तेबिन, जरा मलाही दे." मग ढोलवाला, मग झांजवाला, मग माएस्त्रा स्वतः, पाठ फिरवून. अर्ध्या तासात माझे चार मीटर गेले. सान तिमोतेओचा बँड एवढ्या स्वच्छ तोंडाने कधीच निघाला नसेल.

मार्च नार्सिसोने वाजवला, आणि चांगला वाजवला. पण मिरवणूक निघण्याआधी माएस्त्रा तेबानजवळ येऊन म्हणाल्या होत्या की मूर्ती चर्चच्या दारात परत आली की जी संथ प्रार्थना असते, ती तुझी. खुर्चीवर बसून वाजव, दात सांभाळ. तो उभा राहूनच वाजवायला लागला. गर्दीत पासिंग रिकामी टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. शेवटचा सूर लांबतो, तिथे तिनेही श्वास धरला होता. सूर हलला नाही.

त्याला आता काही दिवस झाले. डबीत मी जेमतेम दोन हात उरलोय. फळीवर नवीन डबी येऊन बसली आहे, पासिंगनेच औषधाच्या दुकानातून आणलेली. तालमीच्या खोलीतही माएस्त्रांनी खिळ्याला एक डबी टांगली आहे आणि खाली लिहिलंय की हात धुऊन घ्या.

तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ कपाटात पडून असेल. त्याला बाहेर काढा. वड्या कापल्यात तरी त्याची हरकत नसेल, पण त्याला खरी ओढ तुमच्या दातांची आहे. पहिल्या दिवशी रक्त आलं तर त्याला शिव्या देऊ नका, आठवडा-दोन आठवडे धीर धरा. तरीही थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी आपला माणूस तुमच्याशी बोलताना तोंड फिरवत असेल, तर रागावण्याआधी एकदा विचारा.

नळाचा आवाज थांबला. तेबान हात पुसतोय, पासिंग चष्मा शोधतेय. दोन हात उरलोय, दोघांना एकेक पुरेल. येतो मी.